'अबिकू' आणि बेन जॉन्सन: तुलनेच्या उत्तरात कविता कशी आणावी?

प्रश्न: जुळे सोलापूरची आई

नमस्कार. माझी मुलगी दहावीच्या तोडीच्या वर्गात आहे. तिची शाळा आंतरराष्ट्रीय मंडळाची असल्यामुळे इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्यात इंग्लंडमधील जुन्या कवितांबरोबर आफ्रिकी कवींनी इंग्रजीत लिहिलेल्या कविताही येतात. मागच्या आठवड्यात झालेल्या सराव परीक्षेत दोन कविता शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. एक नायजेरियाचे जे. पी. क्लार्क यांची 'अबिकू' आणि दुसरी इंग्लंडचे बेन जॉन्सन यांची 'ऑन माय फर्स्ट सन'. दोन्ही कविता मूल गमावण्याविषयी आहेत, आणि दोन्ही कवींनी हे दुःख शब्दांतून कसे उभे केले आहे याची तुलना करा, असा प्रश्न होता.

मुलीने सव्वादोन पाने भरून उत्तर लिहिले. तिला पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले आणि समासात बाईंनी लाल शाईने एकच वाक्य लिहिले: 'यात कविता कुठे आहे?' गुणांपेक्षा या वाक्याने ती अधिक दुखावली आहे. तिच्या उत्तराचा गाभा असा होता: 'क्लार्क यांच्या कवितेतून आफ्रिकेतील अंधश्रद्धा आणि अज्ञान दिसते, तर जॉन्सन यांच्या कवितेतून ईश्वरावरील श्रद्धा आणि त्या श्रद्धेतून मिळणारे समाधान दिसते.' खरे सांगायचे तर मी हे प्रथम वाचले तेव्हा मलाही ते बरोबरच वाटले होते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून आणि पुढे वाणिज्य शाखेत झाल्यामुळे कवितेचे उत्तर कसे तपासतात याची मला कल्पना नाही.

ती म्हणते, 'आई, मला आफ्रिकेची माहितीच नाही, मग मी काय लिहिणार?' म्हणून तिने आता नायजेरियाचा इतिहास, ब्रिटिश राजवट, स्वातंत्र्याचे वर्ष असे सारे पाठ करायला घेतले आहे. हा मार्ग योग्य आहे का? कवितेच्या उत्तरात त्या समाजाच्या रूढींची माहिती किती असावी? आणि इंग्रजी कविता व आफ्रिकी कविता यांना एकच मोजपट्टी लावायची, की वेगवेगळी? ज्यांनी हा विषय शिकवला किंवा शिकला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, पंढरपूर

ताई, बाईंचा शेरा कठोर वाटला तरी तो नेमका आहे, आणि तुमच्या मुलीची अडचण माहितीच्या अभावाची नाही. तिने एक कविता एका समाजाच्या रूढीची नोंद म्हणून वाचली आणि दुसरी एका माणसाचे दुःख म्हणून वाचली. मोजपट्टी दोन झाल्या, त्या इथे. तीस वर्षे इंग्रजी शिकवताना ही चूक मी अनेक हुशार मुलांच्या वहीत पाहिली आहे आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतःही तसेच शिकवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी माहितीचा प्रश्न मिटवू. नायजेरियातील योरुबा भाषेत 'अबिकू' म्हणजे मरण्यासाठीच जन्मलेले मूल. तेच मूल पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येते आणि पुन्हा पुन्हा जाते, अशी ती समजूत आहे, आणि शेजारच्या इग्बो समाजात अशाच मुलाला 'ओग्बान्जे' म्हणतात. कवितेत येणारे 'बाओबाब' हे झाड म्हणजे आपली गोरखचिंच. 'हरमॅटन' हा सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा असून तो पश्चिम आफ्रिकेत साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाहतो. सोलापूरच्या वाचकाला कोरडा वारा म्हटले की वैशाख आठवतो, तेवढी गल्लत टाळावी. एवढे कळले की पुरे. नायजेरियाच्या स्वातंत्र्याचे वर्ष या उत्तराला अर्धा गुणही मिळवून देणार नाही.

आता कवितेकडे जाऊ. पहिला प्रश्न नेहमी एकच: कोण बोलत आहे आणि कोणाशी? क्लार्क यांच्या कवितेत 'आम्ही' म्हणणारे घरातले कोणीतरी बोलत आहे आणि ते थेट त्या मुलाशी बोलत आहे. त्या मुलाविषयी कोणी तिऱ्हाइताला माहिती देत नाही. कवितेची सुरुवात वैतागाने होते: इतके हंगाम झाले तुझे हे येणे-जाणे, घर पुरत नसेल तर राहा बाहेरच त्या गोरखचिंचेवर. त्यानंतर बोलणारा आपल्या घराची उणीदुणी स्वतःच सांगू लागतो. नदीला पूर आला की छप्पर गळते, रात्री वटवाघळे आणि घुबडे वळचणीतून आत घुसतात, हरमॅटनच्या दिवसांत बांबूच्या भिंती मासे सुकवण्याच्या आगीला सरपणासारख्या असतात. पाहुणा दारात उभा असताना 'घर लहान आहे, समजून घ्या' असे आपण म्हणतो ना, तो हा स्वर आहे. मुलाला हाकलणारा माणूस नकळत त्याची मनधरणी करू लागला आहे, आणि हा बदल कवीने कुठेही जाहीर केलेला नाही.

मग कविता त्या मुलाच्या अंगावरच्या खुणांकडे वळते. पाठीपोटावरचे सुरीचे वण तलवारमाशाच्या चोचीसारखे दातेरी आहेत आणि दोन्ही कानांना खाचा आहेत. मूल परत आले तर ओळखू यावे म्हणून आधीच्या खेपेला केलेल्या या खुणा आहेत. खाचा पाडलेल्या कानांना क्लार्क 'या घराला बांधलेल्या गुलामा'ची उपमा देतात. या एका शब्दावर मुलीने चार-पाच वाक्ये लिहायला हवी होती, कारण प्रेमाने धरून ठेवणे आणि बेडी घालणे यांतील अंतर तिथे नाहीसे होते आणि वाचकाला ते बोचते. या खुणांच्या आधी विनवणी आलेली आहे: उंबरठ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभा राहू नकोस, आत ये आणि कायमचा राहा; आणि खुणांनंतर ती पुन्हा येते: आत ये, आत ये आणि राहा. झाडावर राहा म्हणणारी कविता इथपर्यंत आली आहे. आणि अगदी अखेरीस आई येते, जिचे शरीर थकले आहे आणि जिचे दूध आंबू लागले आहे. यात अज्ञान कुठे आहे? मूल आपले ऐकते आहे असे मानून त्याच्याशी बोलणारे एक थकलेले घर इथे आहे.

जॉन्सन यांच्या कवितेविषयीही 'श्रद्धेतून समाधान' हे वाक्य टिकत नाही. त्यांचा मुलगा 1603 मध्ये लंडनमधील प्लेगात सातव्या वर्षी वारला. कवितेत मात्र प्लेगाचा उल्लेखसुद्धा नाही. बारा ओळी, दोन-दोन ओळींची यमके, सारे आटोपशीर. त्या आटोपशीर घरात व्यवहाराची भाषा ठेवलेली आहे: मूल सात वर्षांसाठी उसने मिळाले होते, नियतीने ते ठरल्या दिवशी वसूल केले, मी फेड करतो आहे. सावकाराच्या वहीतले हे शब्द बाप स्वतःला समजावण्यासाठी वापरतो. पण लगेच, पाचव्या ओळीत, माझ्यातला बाप आता संपून जाता तर बरे, असा उद्गार फुटतो. त्यानंतर पुन्हा युक्तिवाद सुरू होतो: जग आणि देह यांच्या त्रासातून, निदान म्हातारपणातून तरी तू सुटलास, मग ज्याचा हेवा करावा त्याच्यासाठी शोक का? हा प्रश्न त्याने विचारला म्हणजे त्याला उत्तर पटले, असे धरून चालू नये. युक्तिवाद एकीकडे आणि उद्गार दुसरीकडे, अशी ही कविता स्वतःशीच भांडते आहे, आणि दुःख त्या भांडणात आहे.

म्हणजे तुलनेचा मुद्दा आपोआप हाती येतो. दोन्ही कवितांत मेलेल्या मुलाशी बोलणे आहे. एक बोलणारा रागापासून विनवणीकडे जातो, दुसरा हिशेबाच्या शब्दांनी रडणे आवरू पाहतो आणि ते त्याला पूर्णपणे जमत नाही. प्रत्येक विधानामागे कवितेतील दोन-तीन शब्द उद्धृत करायचे आणि त्या शब्दांनी काय साधले ते सांगायचे. अख्ख्या ओळी उतरवून काढू नयेत. पहिले पान क्लार्क, दुसरे पान जॉन्सन अशी फाळणीही करू नये, एकाच परिच्छेदात दोघांना समोरासमोर बसवावे.

उत्तर: पूर्वभाग, सोलापूर

सरांनी नीट उलगडून सांगितले आहे. मला फक्त 'अंधश्रद्धा' या शब्दाविषयी बोलायचे आहे, कारण तो मला लागला.

आम्ही तेलुगू भाषक विणकर कुटुंबातले. माझ्या आजोबांचे नाव पेंटय्या होते. 'पेंट' म्हणजे उकिरडा. त्यांच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवले आणि शेजारणीने उचलून 'हे मला सापडले' म्हणत परत आणून दिले, असे घरात सांगत. तुमच्या मराठी घरांत धोंडू, दगडू, केरबा ही नावे आहेत. मूठभर कोंडा देऊन विकत घेतलेल्या मुलाचे नाव कोंडिबा. माझ्या कन्नड मित्राच्या घराण्यात तिप्पण्णा आहे, आणि त्यांच्याकडेही 'तिप्पे' म्हणजे उकिरडाच. एकाच शहरात तीन भाषांत मृत्यूला तीच थाप मारलेली आहे: हे मूल टाकाऊ आहे, याच्याकडे पाहू नकोस. योरुबा घरांत अशा मुलांना 'मालोमो' म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, 'दुरोजाइये' म्हणजे थांब आणि आयुष्य भोग, 'बांजोको' म्हणजे माझ्याजवळ बस, अशी नावे ठेवतात. आपले नाव मृत्यूला उद्देशून आहे आणि त्यांचे नाव मुलाला उद्देशून आहे, एवढा फरक मला दिसतो.

तुमच्या मुलीला घरातल्या कोणा वडीलधाऱ्या बाईला विचारू द्या की आपल्या कुळात अशी नावे का होती. मग ती कविता परक्या देशातली वाटणार नाही, आणि 'अज्ञान' हा शब्द तिच्या लेखणीतून सहज उतरणार नाही.

उत्तर: निवृत्त शिक्षक, पंढरपूर

पूर्वभागच्या सद्गृहस्थांचे म्हणणे मला मनापासून पटले, परंतु परीक्षेच्या दृष्टीने एक सावधगिरी सांगतो. पेंटय्या, दगडू, तिप्पण्णा ही नावे वाचणाऱ्याचे कान तयार करण्यासाठी आहेत, उत्तरपत्रिकेत लिहिण्यासाठी नव्हेत. 'आमच्याकडेही असेच असते' असे लिहिले की उत्तर कवितेपासून सुटून आपल्या घराकडे वळते, आणि क्लार्क यांची कविता आपल्याविषयीची नाही. ती त्यांच्या नदीकाठच्या, मासे सुकवणाऱ्या, बांबूच्या भिंतींच्या घराविषयीची आहे. 'टाकाऊ आहे' म्हणणाऱ्या नावामागे माया असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 'राहा झाडावर' या ओळीमागची माया लवकर ऐकू येईल, आणि ती कोणत्या शब्दात ऐकू आली हे त्याने लिहावे.

उत्तर: विद्यार्थिनी, एम.ए. इंग्रजी

एक भर घालते. न पाहिलेल्या कवितेच्या प्रश्नात कधी वोले शोयिंका यांची 'अबिकू' समोर आली, तर क्लार्क यांच्या कवितेचे पाठ केलेले उत्तर तिथे उतरवणे घातक ठरेल. दोघेही नायजेरियाचे, जन्मांत एकाच वर्षाचे अंतर, शोयिंका 1934 आणि क्लार्क 1935; समजूत तीच आणि शीर्षकही तेच. पण शोयिंका यांच्या कवितेत बोलते ते मूल. तुमची कांकणे माझ्या पायांभोवती मंत्राची वर्तुळे आखतात ती व्यर्थ आहेत, अशी सुरुवात करून ते मूल बकऱ्या, कवड्या, पामतेल, शिंपडलेली राख या साऱ्या उपायांना धुडकावते. तावीजातून कंद उगवत नाहीत, असे म्हणते. स्वतःला डाग द्या, म्हणजे पुढच्या वेळी ओळखाल, हेही तेच सांगते. क्लार्क यांच्याकडे जे वण घराने केले आणि घराला आठवतात, ते इथे मूल स्वतः मागून घेते.

उंबरठा दोन्ही कवितांत आहे. क्लार्क यांच्याकडे मूल उंबरठ्यावर घुटमळते आहे आणि घर त्याला आत बोलावते. शोयिंका यांच्याकडे मूल म्हणते की मी दारात वेटोळे घालून विनवणाऱ्या सापाच्या रूपात येईन आणि मारा म्हणून ओरडणाऱ्या तुम्ही आयाच असाल. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते, इतके ते अंगावर आले. रचनाही पाहावी: क्लार्क यांची कविता बोलण्याच्या ओघात एका दमात जाते, तर शोयिंका यांच्या कवितेत चार-चार ओळींची आठ कडवी आहेत आणि ती मंत्र म्हटल्यासारखी घुमतात.

म्हणून 'आफ्रिकी कवितेत असे असते' हे वाक्य उत्तरात कधीच येऊ नये. नायजेरियाचेच कवी गॅब्रिएल ओकारा यांच्या 'पियानो अँड ड्रम्स' या कवितेचेही असेच होते. ढोल म्हणजे आफ्रिका, पियानो म्हणजे युरोप, एक चांगले आणि एक वाईट, असे दोन रकाने मुले आखतात. ओकारा ढोलाच्या भागात नदीकाठ, कच्चे मांस, आईची मांडी असे अंगाला जाणवणारे शब्द ठेवतात आणि पियानोच्या भागात पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेतले अवघड शब्द आणतात. शेवटी बोलणारा दोन्ही नादांच्या धुक्यात हरवतो आणि कोणाचीच निवड करत नाही. ज्याने गड्ड्याच्या यात्रेत हलगी ऐकली आहे आणि शाळेत कीबोर्डचा तासही केला आहे, अशा सोलापूरच्या मुलाला ते धुके कळायला हरकत नाही. उत्तरात मात्र सरांनी सांगितल्याप्रमाणे ओकारा यांचेच शब्द यावेत.

प्रश्नकर्ती: जुळे सोलापूरची आई

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. इतिहासाची वही आम्ही बाजूला ठेवली. रविवारी दुपारी मुलीला तिच्या आजीजवळ बसवले आणि नावांविषयी विचारायला सांगितले. माझ्या सासऱ्यांचे कागदोपत्री नाव वेगळे असले तरी गावात त्यांना कोंडिबा म्हणत, हे मला पंचवीस वर्षांत ठाऊक नव्हते. सासूबाई म्हणाल्या, 'त्यांच्या आईने तीन पुरली होती, चौथ्याला नाव तरी चांगलं कशाला ठेवील?' मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने क्लार्क यांची कविता मोठ्याने वाचली, आणि 'दूध आंबले' या ओळीपाशी थांबून म्हणाली की आईला कवी इतक्या उशिरा का आणतो, तेच लिहायला हवे होते.

तिने काल नव्याने लिहिलेला एक परिच्छेद मी मराठीत सांगते: 'क्लार्क यांचा निवेदक मुलाला आधी झाडावर आणि शेवटी घरात बोलावतो, त्यामुळे त्याचा राग टिकत नाही हे वाचकाला कळते. जॉन्सन यांचा निवेदक उसने, फेड, वसुली हे शब्द वापरून आपला शोक रास्त हिशेबात बसवू पाहतो, पण बापपणच नको असे तो म्हणतो तेव्हा हिशेब मोडतो.' हे योग्य दिशेने आहे ना?

आणखी एक अडचण आहे. जॉन्सन यांची शेवटची ओळ आम्हा दोघींना नीट लागत नाही. यापुढे जे आपल्याला प्रिय असेल ते फार आवडू नये, अशी शपथ तो घेतो, असे आम्ही समजलो. ज्याने मुलाला आपली सर्वोत्तम कविता म्हटले, तो शेवटी इतके कोरडे का बोलतो?

उत्तर: निवृत्त शिक्षक, पंढरपूर

परिच्छेद उत्तम आहे. 'हिशेब मोडतो' हे तिचे स्वतःचे वाक्य आहे, ते इंग्रजीतही तसेच साधे ठेवावे.

'सर्वोत्तम कविता' या शब्दांपाशी एक गोष्ट तिला सांगा. इंग्रजीतील 'पोएट्री' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ घडवणे असा आहे. म्हणून कवी म्हणतो की मी जे काही घडवले त्यात हा मुलगा सर्वांत चांगला होता. मुलाचे नावही बेंजामिन, म्हणजे हिब्रूत उजव्या हाताचा पुत्र, आणि कवी लिहितो तो उजव्याच हाताने. पहिल्या ओळीतले 'माझ्या उजव्या हाताच्या मुला' हे संबोधन आणि हे शब्द एकमेकांना असे जोडलेले आहेत.

शेवटच्या ओळीत 'लव्ह' आणि 'लाइक' अशी दोन क्रियापदे आहेत आणि शपथ फक्त दुसऱ्याविषयी आहे. प्रेम करणे तो सोडत नाही, ते त्याला सोडता येणारही नाही. जे प्रिय आहे त्यात सुख मानायला तो भितो. आधी त्याने म्हटलेच आहे की तुझ्याविषयी फार आशा धरली हे माझे पाप. तुमच्या सासूबाईंना विचारा, तान्ह्या मुलाला कोणी 'किती गोड' म्हटले की त्या लगेच काजळाची तीट का लावतात. ती भीती आणि ही भीती फार दूर नाहीत, असे मला वाटते. ज्या कवितेला तिने 'श्रद्धेचे समाधान' म्हटले, तिच्या अखेरच्या ओळीत ही भीती बसलेली आहे आणि ज्या कवितेला 'अंधश्रद्धा' म्हटले, तिच्या अखेरच्या ओळींत एका आईचे थकलेले शरीर आहे.

सोमवारपर्यंत तिने या दोन शेवटांवरच एक पान लिहावे. 'लव्ह' व 'लाइक' एका बाजूला आणि आंबलेले दूध दुसऱ्या बाजूला ठेवावे, प्रस्तावना लिहू नये. इथे टाकलेत तर मी वाचून कळवीन.